गाळलेलं प्रकरण

"चौदावं प्रकरण मी पिना मारून बंद करून टाकलं," पहिल्या रांगेतल्या बाई उभ्या राहून म्हणाल्या. "मुलगी बाळंतपणाला आलेली. तिच्या हातात पुस्तक पडायचं आणि नको ते वाचायची. म्हणून वरून, खालून, बाजूनं, सगळीकडून पिना मारल्या. बाकी पुस्तक फार सुंदर आहे हं."

सभागृहात हशा पिकला. मीही हसले. पण वरवरच, कारण त्या दुपारी चौदाव्या प्रकरणाबद्दल बोलणाऱ्या त्या चौथ्या की पाचव्या होत्या, आणि दुसऱ्या कुठल्याही प्रकरणाबद्दल अजून कुणी बोललं नव्हतं.

ही सोळा-सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी 'उत्तरेचा बुरूज' ही कादंबरी येऊन वर्ष झालं होतं. मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि शिरवणच्या वाचनालयानं मला वाचकांशी गप्पा मारायला बोलावलं होतं. शिरवण ही एका लहानशा संस्थानाची जुनी राजधानी. कादंबरीतल्या संस्थानाला मी दुसरं नाव दिलं होतं, पण बेचाळीसनंतरचा काळ, दिवाणाला उडवण्याचा प्रजापरिषदेच्या तरुणांनी रचलेला कट, फितुरी, आणि किल्ल्याच्या बुरुजात कैद्यांकडून माहिती काढण्याची ती पद्धत, हे सगळं शिरवणच्या लोकांना आपलंच वाटत होतं. चौदाव्या प्रकरणात कटातला रघुनाथ पकडला जातो. त्याला बुरुजात नेतात. चामड्याच्या ओल्या वादीनं हात बांधून तुळईला टांगतात, मिरच्यांची धुरी देतात, आणखीही काही करतात. ते लिहिताना मला महिनाभर जेवण गोड लागलं नव्हतं.

औषधांच्या दुकानाचे मालक म्हणाले, वाचून त्यांना दोन दिवस झोप नव्हती. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, हिंसा सूचक असावी, पडद्याआड असावी, आपली परंपराच तशी आहे. मागच्या रांगेतला एक कॉलेजातला मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, मला तर तेच सगळ्यात भारी वाटलं. मित्रांना वाचून दाखवलं. दुसऱ्या भागात अजून डिटेल टाका." तक्रार करणाऱ्यांपेक्षा त्या मुलाच्या बोलण्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्या दिवशी मी आधीच वैतागलेली होते. सकाळी माझे प्रकाशक कारखानीस यांचा फोन आला होता. एका विद्यापीठाच्या समितीला पुस्तक पसंत होतं, पदवीच्या वर्गाला ते लागणार होतं, अट एकच. "चौदावं प्रकरण गाळून विद्यार्थी आवृत्ती काढायची," ते म्हणाले. "मी तसं वाचूनही पाहिलं. गोष्टीला काही धक्का लागत नाही."

"धक्का लागत नाही?" मी विचारलं होतं.

"अजिबात नाही. तेराव्यावरून थेट पंधराव्यावर येतो आपण. सोमवारी मला होकार कळवा."

सभागृहात मला त्यांचं ते 'अजिबात नाही' आठवत होतं. शेवटी मी विचारलं, "चौदावं प्रकरण ज्यांनी शेवटपर्यंत वाचलं, त्यांनी हात वर करा."

भरलेल्या सभागृहातून तुरळक हात वर आले. त्यातला एक त्या मुलाचा होता.

"बरं, मग ज्यांनी वाचलं नाही त्यांना विचारते. बुरुजात रघुनाथचं काय होतं?"

"तो तोंड उघडत नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

"हे कुठं वाचलंत?"

"अहो, त्यासाठी वाचायला कशाला हवं? पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावर त्याची मिरवणूक निघते आणि तो गाडीत चढायला नकार देतो. साथीदार केशव मारला गेलेला असतो, त्याच्या आईच्या पाया पडतो आणि वर बघत नाही. केवढा विनय रंगवलाय तुम्ही. मी आमच्या शाळेत त्यावर व्याख्यान दिलं."

रघुनाथ बोलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो केशवची लपायची जागा सांगतो, केशव मारला जातो, आणि त्यानंतरचं सगळं पुस्तक एका न सांगितलेल्या गोष्टीच्या ओझ्याखाली चालतं. तो मिरवणुकीच्या गाडीत चढत नाही ते लाजेनं. माझ्या समोर बसलेल्या माणसांनी तीन पानं वाचून, डोळे मिटून, प्रकरण ओलांडलं होतं आणि मी लिहिलेलीच नाही अशी एक कादंबरी वाचून ते मला तिच्याबद्दल शाबासकी देत होते.

"तो बोलतो," मी म्हटलं. "केशवचा ठावठिकाणा तोच सांगतो."

पिनावाल्या बाई म्हणाल्या, "मग ते तरी बदलायचं होतं हो."

कार्यक्रम आवरता घेण्यात आला.

चहाच्या टेबलाशी मी एकटीच उभी होते तेव्हा साठीकडे झुकलेल्या एक बाई जवळ आल्या. सुती साडी, खांद्याला शबनम. "मी पद्मावती खवाटे," त्या म्हणाल्या. "कन्याशाळेत होते, रिटायर झाले. आमचे आण्णा तुम्हाला भेटायचं म्हणतात."

वाचनालयाचे चिटणीस हळबे लगबगीनं पुढे आले. "सातगोंडा खवाटे," त्यांनी मला हळूच सांगितलं. "प्रजापरिषदेतले आता एवढेच उरलेत. बुरुजात अठरा दिवस होते. आपला बसस्टँडचा चौक त्यांच्या नावाचा आहे. शब्द काढला नाही माणसानं."

वाटेत पद्माताईंनी खरी अडचण सांगितली. काचबिंदूनं आण्णांची नजर गेली होती, म्हणून त्या त्यांना रोज संध्याकाळी पुस्तक वाचून दाखवत. माझी कादंबरी त्यांनीच मागवली होती. "चौदावं मी गाळलं," त्या म्हणाल्या. "माझं मन धजलं नाही. झोपेत ओरडतात अजून ते. तेरावं संपवलं आणि पंधरावं सुरू केलं, तर थोड्या वेळानं म्हणाले, 'काय तरी ऱ्हायलं.' मी म्हटलं, काही नाही राहिलं. म्हणाले, 'मग ह्यो केशवच्या आईकडं का बघंना?' मी सांगितलं, दमलाय, सोसलंय त्यानं, पण बोलला नाही. तर म्हणाले, 'मग बंद कर. मला नको ते पुस्तक.' चार दिवस झाले, माझ्याशी नीट बोलत नाहीत. म्हणतात, लिवलंय तिला बोलव."

"मग तुम्हीच आता वाचून दाखवा ना त्यांना," मी म्हटलं.

"नाही हो. मला नाही जमायचं," त्या म्हणाल्या.

बसस्टँडच्या मागं सिमेंटचं छोटं घर होतं. खिडकीशी खाटेवर एक उंच, वाळलेला म्हातारा उशीला टेकून बसला होता. दाढी गुळगुळीत केलेली, धोतर स्वच्छ. मी नमस्कार केला. त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"बसा बाई. पोरगी काय तरी गाळतीया. तेवढं तुमी वाचा."

पद्माताई चहा टाकायला आत गेल्या. मी पुस्तक उघडलं. माझंच प्रकरण मोठ्यानं वाचायला मला इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. ज्याच्यावर ते गुदरलंय त्याच्यासमोर बसून, पंख्याखाली, मी मनानं रचलेला छळ वाचत होते. प्रत्येक विशेषण मला खोटं वाटू लागलं. पान संपायच्या आत त्यांनी हात वर केला.

"ते ऱ्हाऊ द्या."

मला वाटलं, यांनाही सोसवत नाही. मी पुस्तक मिटलं.

"मिटू नगा. मारल्यालं ऱ्हाऊ द्या, ते मला म्हाईत हाय. त्यो बोलतो का, तिथनं वाचा."

मी पानं उलटली. रघुनाथ फौजदाराला पाणी मागतो, फौजदार तांब्या त्याच्या समोर धरतो, आणि रघुनाथ देवळाच्या माळ्याचं नाव घेतो, जिथं केशव लपलेला असतो. मी तेवढं वाचलं आणि थांबले.

"परत एकदा," ते म्हणाले.

मी परत वाचलं.

मग म्हणाले, "तुमाला ह्ये कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी त्याच्या जागी असते तर बोलले असते. म्हणून तसं लिहिलं."

त्यांनी मान हलवली. "आणि पुढं? केशवच्या आईला त्यो कवा सांगतो?"

"सांगत नाही. योग्य वेळ कधी येतच नाही."

"वेळ येती की," ते शांतपणे म्हणाले. "रोज येती."

स्वयंपाकघरातून कपबश्यांचा आवाज येत होता. आण्णांनी धोतराचा सोगा गुडघ्यावर नीट केला आणि जणू एखादी अगदी साधी गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "आमच्यातला भूपाल गुऱ्हाळघरात हाय म्हणून मीच सांगितलं. त्येच्या चुलत्याच्या मळ्यात. तिथंच गोळी घातली त्येला."

पद्माताई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते मला कळलं नव्हतं.

"आण्णा," त्या म्हणाल्या, "ते पुस्तकातलं आहे."

"पुस्तकातलं न्हाई."

"तुम्ही आत्ता ऐकलंत ना, म्हणून तसं वाटतंय. चहा घ्या."

आण्णा त्यांच्याकडे वळलेच नाहीत. ते मला म्हणाले, "भूपालची भण हाय अजून. चंद्राक्का. माळेवाडीला असती. तिला जाऊन सांगा बाई. माझं पाय चालत न्हाईत." मग म्हणाले, "चालत हुतं तवा गेलो न्हाई."

पद्माताईंनी मला जवळजवळ दंडाला धरून बाहेर आणलं. व्हरांड्यात त्या म्हणाल्या, "बघितलंत काय केलंत? त्यांना आता पुस्तकातलं आणि खरं वेगळं कळत नाही. ऐंशी ओलांडलेत ते. तुम्ही काहीतरी डोक्यात भरवून जायचं आणि निस्तरायचं आम्ही."

"पद्माताई, माझ्या पुस्तकात गुऱ्हाळघर नाही. मळाही नाही. मी देऊळ लिहिलंय."

त्यांनी आतलं दार ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही आता जा."

त्या रात्री हळब्यांकडे मुक्काम होता. जेवताना हळबे सभेतल्या प्रकाराबद्दल माफी मागत होते आणि मी नुसती मान हलवत होते. माझा संताप कुणावर आहे हेच मला कळत नव्हतं. कारखानीसांवर, पिना मारणाऱ्या बाईंवर, पद्माताईंवर, की स्वतः साठ वर्षं गप्प बसून एका उपऱ्या बाईच्या गळ्यात निरोप अडकवणाऱ्या त्या म्हाताऱ्यावर. मी कादंबरी लिहिली होती. कुणाच्या दारात जाऊन असली बातमी सांगायचं काम मी पत्करलं नव्हतं. सकाळच्या गाडीनं साताऱ्याला निघायचं असं मी ठरवूनही टाकलं होतं.

सकाळी स्टँडवर साताऱ्याची गाडी लागलेली होती. मी पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला. समोर वडापची जीप माणसं भरत होती आणि ड्रायव्हर माळेवाडी, माळेवाडी असं ओरडत होता.

चंद्राक्का अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. सत्तरीच्या, काळ्यासावळ्या, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी कोण, कुठून आले ते सांगितलं. त्यांनी मला बसायला पोतं सरकवलं. पुढचं कसं सांगायचं याची मी वाटेत फार जुळवाजुळव केली होती, पण तिथं बसल्यावर एका वाक्यात सांगून मोकळी झाले.

त्यांचे हात थांबले नाहीत. शेंगा फुटत राहिल्या.

"कोण म्हणालं हे?"

"ते स्वतः. काल."

"सातगोंडा म्हणाला?"

"हो."

आता मात्र त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "चुलत्याच्या मळ्यात सापडला दादा," त्या म्हणाल्या. "तवा सगळ्यांनी धरलं, चुलत्यानंच सांगितलं. जमिनीचा वाद हुता आमचा. आई माझी मरेपतूर त्या घरात गेली न्हाई. माझ्या लग्नाला चुलत्यानं लुगडं धाडलं, ते आईनं रस्त्यावर फेकलं. मी बघत हुते. त्यो म्हातारा दारात उभा ऱ्हाऊन रडत हुता आणि मी म्हणलं, कसं सोंग करतोय बघा." त्या थांबल्या. "आणि ह्यो शिरवणात चौकाला नाव लावून बसला. पाच मैल हाय हितनं शिरवण. पाच मैल."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि एकदम विचारलं, "लई मारलं हुतं का त्येला?"

"हो."

"काय केलं हुतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. आण्णांनी मारलेलं राहू द्या म्हटलं आणि मी सुटल्यासारखी पानं उलटली होती. त्या खोलीत मी तासभर बसले, पण तुम्हाला काय केलं त्यांनी, हे विचारलं नाही.

"ते मी विचारलं नाही," मी म्हटलं.

"मग तुमच्या पुस्तकात काय लिवलंय?"

"ते मी मनानं लिहिलंय, आक्का. ते त्यांचं नाही."

"न्हाई तर न्हाई. काय लिवलंय ते सांगा."

मी सांगितलं. वादी, तुळई, धुरी, तांब्यातलं पाणी. सभागृहात ज्याला कुणी हात लावायला तयार नव्हतं ते सगळं त्या बाई मांडीवर हात ठेवून, पापणी न हलवता ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "धुरी किती वेळ?" मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. संपल्यावर त्या उठल्या, दाराला कडी घातली आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठं, आक्का?"

"त्येच्याकडं. तुमी मनानं लिवलंय म्हणता. मला त्येचं ऐकायचंय. नुसतं ठिकाण सांगितलं एवढंच कळलं तर मी त्येचा जीव घीन बाई. काय सोसून सांगितलं ते तरी कळू दे मला."

पुढच्याच वडापनं आम्ही शिरवणला आलो.

दार पद्माताईंनीच उघडलं. आधी मला बघून त्यांचा चेहरा कठीण झाला, मग मागं उभ्या असलेल्या चंद्राक्का दिसल्या. आधीची ओळख असणारच, कारण त्यांच्या तोंडून नकळत "आक्का, तुम्ही?" असं निघालं.

"सर जरा बाजूला, पोरी," चंद्राक्का म्हणाल्या आणि आत गेल्या.

आण्णा कालच्यासारखेच खिडकीशी होते. चंद्राक्का खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या. "सातगोंडा, मी चंद्रा. भूपालची."

म्हाताऱ्यानं सरळ व्हायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले. तेव्हा पहिल्यांदा मला त्यांची बोटं नीट दिसली. डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. काल एवढा वेळ समोर बसूनही मी ती पाहिली नव्हती.

"हात खाली घे," चंद्राक्का म्हणाल्या. "पाया पडायचं मागनं बघू. आधी सांग, काय केलं त्यांनी तुला. पहिल्या दिवसापासनं सांग. काय गाळायचं न्हाई."

"आक्का, त्यांना त्रास होईल," पद्माताई म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय—"

"हुऊ दे त्रास."

"पद्मा," आण्णा म्हणाले, "आत जा."

पद्माताई दोन क्षण उभ्या राहिल्या. मला वाटलं त्या आता मलाही बाहेर घालवतील आणि चंद्राक्कांनाही. पण त्या वळल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. दार त्यांनी लावलं नाही.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. ते ऐकायचा हक्क मला नव्हता, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. आतून आण्णांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. अधूनमधून तो थांबे, मग चंद्राक्का काहीतरी विचारत, आणि तो पुन्हा सुरू होई. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या डोक्यावर होती. तिथून एकही भांडं वाजल्याचा आवाज आला नाही.

पुढच्याच वर्षी आण्णा गेले. वर्तमानपत्रांनी फोटो छापून लिहिलं की अनन्वित छळ सोसूनही त्यांनी सहकाऱ्यांची नावं उघड केली नाहीत. मी एका संपादकांना फोन केला होता, तर ते म्हणाले, "बाई, तुमची कादंबरी वेगळी आणि इतिहास वेगळा." पद्माताई मला पुन्हा कधी भेटल्या नाहीत. कारखानीसांना मी त्या सोमवारीच नकार कळवला होता. ते चिडले, मग समजूत घालू लागले, मग म्हणाले की वाचकाला जे नको ते लेखकानं दामटून भरवू नये. अभ्यासक्रमाला दुसऱ्या कुणाचं पुस्तक लागलं. माझं आजही वाचलं जातं, आणि लोक अजून मला रघुनाथच्या विनयाबद्दल पत्रं पाठवतात.

त्या दिवशी चंद्राक्का बाहेर आल्या तेव्हा ऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं. डोळे सुजलेले होते, पण चेहरा रडून झालेल्या माणसाचा नव्हता. कुणाशी तरी भांडून आल्यासारखा होता. त्यांनी माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही. विचारण्यासारखं ते दिसत नव्हतं.

"चला," त्या म्हणाल्या.

वडापमध्ये आम्ही मागच्या बाकावर दाटीनं बसलो. बरंच अंतर गेल्यावर त्या, खिडकीबाहेर बघत, म्हणाल्या, "बाई, तुमी लई कमी लिवलंय."

"हो," मी म्हटलं.

माळेवाडीचा फाटा आला. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. चंद्राक्का उठल्या नाहीत. "फुडं घे," त्या म्हणाल्या. "मळ्याच्या रस्त्याला सोड."

ओढा ओलांडल्यावर उसाच्या कडेला एक बैठं कौलारू घर होतं. त्या उतरल्या आणि माझ्याकडे न बघता चालू लागल्या, पण मला येऊ नका असंही म्हणाल्या नाहीत, म्हणून मी मागोमाग गेले. दारात एक पन्नाशीचा माणूस पाण्याच्या मोटारीची वायर जोडत बसला होता. चंद्राक्कांना बघून तो हातातली पक्कड तशीच धरून उभा राहिला. आत कुणीतरी बाई दारापर्यंत आली आणि तिथंच थबकली.

अंगणाच्या कडेला, कुंपणाच्या आतच, चंद्राक्का थांबल्या.

"धनपाल," त्या म्हणाल्या, "दादाला तुझ्या बानं न्हाई धरून दिलं. सातगोंडानं सांगितलं हुतं. आज त्येच्या तोंडनं ऐकून आले."

त्यानं पक्कड खाली ठेवली, हात लेंग्याला पुसले.

"आमाला म्हाईत हुतं की, आक्का," तो म्हणाला. "'मी न्हाई धरून दिलं,' बा मरेपतूर त्येच तर सांगत हुता."